रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॅम्पातल्या एका शस्त्रांच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरला उभा होतो. काउंटरवर मालकांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: 'शस्त्र काउंटरवर ठेवण्यापूर्वी रिकामे करावे. "रिकामेच आहे" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.' लोक पाटी वाचून हसायचे आणि मग नेमकं तेच उत्तर द्यायचे. खालचे बहुतेक प्रश्न त्या काउंटरवर मी शेकडो वेळा ऐकलेत. उत्तरं माझी आहेत, माझ्या मतासकट.

दोन्हींत नेमका फरक काय? पेपरात एकाच बातमीत दोन्ही शब्द येतात.

येतात खरे, आणि वर मथळ्यात 'कट्टा' असतो. रिव्हॉल्वरला फिरणारा सिलिंडर असतो, त्यात बहुधा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो, घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, मागे जाऊन आपटतो, गोळी सुटते. सगळं काम तुमच्या बोटाच्या जोरावर. रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, घरातच राहते.

पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना पुढचं काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये ढकलते. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, म्हणून याला अर्धस्वयंचलित म्हणायचं. चाप दाबून धरला की गोळ्यांची फैर सुटते ते पूर्ण स्वयंचलित. ते सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

मला नऊ एमएम हवं आहे. दाखवता का?

नाही. 9 मिमी हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या भोकाचं माप) आहे, तसंच .38 आणि .455 चं हातातलं शस्त्र आणि .303 रायफलही. इंटरनेटवर परदेशी मंडळी रिव्हॉल्वर विरुद्ध पिस्तूल हा वाद घालतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर नऊ एमएमची पंधरा-सतरा गोळ्यांची पिस्तुलं असतात. त्या वादातला निम्मा मजकूर पुण्यातल्या माणसाच्या कामाचा नाही. आपल्यासमोर निवड आहे ती .32 चं रिव्हॉल्वर की .32 चं पिस्तूल एवढीच. फार तर .22.

परदेशी माल म्हणाल, तर 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकासाठी आयात बंद आहे. बाजारात जी वॉल्थर, वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन दिसतात ती त्याआधी देशात आलेली, हातोहात फिरलेली. त्यांची किंमत लाखांत सांगतात आणि ती दुर्मीळतेची असते, यंत्राची नाही. पन्नास वर्षं जुनी स्प्रिंग ही पन्नास वर्षं जुनीच असते, नळीवर नाव कोणाचंही असो.

परवाना कुठून मिळतो?

पुणे शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाकडून. पिंपरी-चिंचवडला 2018 पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, तिथल्यांनी तिथे जायचं. आयुक्तालयांच्या हद्दीबाहेर, म्हणजे ग्रामीण भागात, जिल्हाधिकारी. वय किमान 21 पूर्ण, नेमबाज खेळाडूंना वेगळी सवलत. धोका काय आहे ते लिहून द्यावं लागतं, तुमच्या ठाण्याकडून चौकशी होते, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी असतो आणि एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोन शस्त्रं.

एक गोष्ट आधीच पक्की करा. परवान्यावर शस्त्राचा प्रकार लिहून येतो. 'बघू, दुकानात गेल्यावर ठरवू' असं म्हणून आलेले कितीतरी लोक मी परत जाताना पाहिलेत, कारण कागदावर एक आणि मनात दुसरं. अर्ज भरण्याआधी दोन्ही हातात घेऊन बघा. विकत घ्यायचं नसलं तरी कुठलाही चांगला दुकानदार रिकामं शस्त्र दाखवतो.

दोन्ही बत्तीसच ना? मग गोळ्या एकच चालतील.

चालत नाहीत. या प्रश्नावर मी दर वेळी दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी करून दाखवायचो. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब, पुंगळी सुमारे 23 मिमी, बुडाला बाहेर आलेली ठळक कड. त्या कडेवरच ते सिलिंडरच्या घरात टेकून राहतं. पिस्तुलाचं बुटकं, पुंगळी सुमारे 17 मिमी, कड जेमतेम नखाला लागेल एवढी. पहिलं 1896 च्या सुमाराचं, दुसरं 1899 मधलं, ब्राउनिंगने पिस्तुलासाठीच आखलेलं. नावात दोघांच्याही बत्तीस, बाकी ओळखदेख नाही.

रिव्हॉल्वरचं देशी काडतूस उलटं करून बुडाकडे बघा, 'केएफ' अशी अक्षरं दिसतील. के म्हणजे किर्की, म्हणजे आपलं खडकी. 1869 पासून चालू असलेला दारूगोळा कारखाना. कानपूरच्या कारखान्यात बनलेल्या रिव्हॉल्वरमध्ये खडकीचं काडतूस हे ऐकून पुण्याच्या गिऱ्हाइकाची छाती उगाच इंचभर फुगते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नेमबाजीच्या सेंटर फायर प्रकारात खेळाडू जी महागडी पिस्तुलं वापरतात, त्यांतली बरीचशी रिव्हॉल्वरचं लांब काडतूस खातात. पण त्यात सपाट तोंडाची, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणारी गोळी असते. कमरेला लावायच्या पिस्तुलाशी त्याचा संबंध नाही.

अडकतं कोणतं?

लोकांना एका शब्दात उत्तर हवं असतं: 'पिस्तूल'. ते अर्धंच खरं आहे.

पिस्तूल जास्त वेळा अडकतं. कधी पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही आणि स्लाइडच्या फटीत बंबाच्या धुराड्यासारखी उभी राहते. कधी मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले असतात आणि काडतूस तिरकं चढतं. .32 च्या काडतुसाला ती जी जेमतेम कड आहे, तिचाही एक खोडसाळपणा आहे: मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पुढे सरकत नाहीत. मनगट सैल धरलं तरी स्लाइड अर्धवट फिरते. पण यातलं बहुतेक सगळं हाताने सुटतं. मॅगझिन खालून ठोका, स्लाइड जोरात मागे ओढून सोडा, चालू. सराव असेल तर दोन-तीन सेकंदांचं काम. सराव नसेल तर माणूस पिस्तुलाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, आणि मी काउंटरच्या खाली वाकतो.

रिव्हॉल्वर क्वचित अडकतं. काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं, विचार करावा लागत नाही. माझ्या मते रिव्हॉल्वरचा सगळ्यात मोठा गुण हाच. पण ते अडकलं की बहुधा हाताने सुटत नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या उचलून काढणाऱ्या, चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन कण बसले तरी सिलिंडर घट्ट होतो. काडतुसाची टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी वाटी, नीट बसलेली नसली की ती मागे घासते. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि गोळीचं शिसं कडेला खरवडलं जातं. बाजूला उभ्या माणसाला ते बारीक टोचतं, तेव्हा कळतं की दुरुस्ती हवी.

खरं सांगायचं तर माझ्यासमोर आलेल्या बंद पडलेल्या शस्त्रांत यंत्राचा दोष थोडा आणि मालकाचा जास्त. नवरात्र संपलं की पंधरा दिवस आमच्याकडे गर्दी असायची. खंडेनवमीला शस्त्राची पूजा होते, व्हायलाच हवी, पण सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत हळद-कुंकू आणि त्यावर तेल! एका गृहस्थांनी तर काडतुसंही खोबरेल लावून पुसून ठेवली होती. तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि काडतूस मरतं. वरून चकचकीत, आतून मुकं. पूजेला शस्त्र रिकामं ठेवा, काडतुसं वेगळ्या ताटलीत, आणि कुंकू लावायचंच तर मुठीला लावा.

पिस्तुलात गोळ्या जास्त बसतात. सहा पुरतात का?

फर्ग्युसन कॉलेजात 22 जुलै 1931 रोजी वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. समोरासमोर, ठरवून, तयारीने आलेल्या माणसाच्या हातूनही असं होतं. मग घाबरलेल्या, रात्री दुकान बंद करून निघालेल्या, वर्षातून एकदा सराव करणाऱ्या माणसाचं काय? पुरतात की नाही हे आकड्यावर ठरत नाही, पहिल्या दोन कुठे जातात त्यावर ठरतं.

पिस्तुलात दोन-तीन गोळ्या जास्त, आणि मॅगझिन बदलणं सोपं. रिव्हॉल्वर पुन्हा भरायला वेळ लागतो, अंधारात तर फारच. पण ज्याच्यावर सहा झाडून पुन्हा भरायची वेळ आली होती असं कोणी गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत भेटलं नाही. ज्यांना पहिली गोळीच भरलेली आहे की नाही हे आठवत नव्हतं, असे पुष्कळ भेटले.

रिकामं आहे हे कसं ओळखायचं?

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे येतो.

एकदा दुपारी साडेतीनच्या सुमारास एक गृहस्थ आले. चांगले पन्नाशीचे, शांत, बांधकाम व्यवसायातले. पिस्तूल साफ करून हवं होतं. पाटी वाचली, हसले, माझ्यासमोर मॅगझिन काढलं, मॅगझिनमधली काडतुसं एकेक करून रुमालावर मांडली, मोजली. सात. 'घ्या, रिकामं.' मी पिस्तूल भिंतीतल्या वाळूच्या पेटीकडे वळवून स्लाइड मागे ओढली. एक काडतूस टणकन उडालं, काचेवर आपटलं आणि घरंगळत वजनकाट्याखाली गेलं. आठवं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. गृहस्थ स्टुलावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, 'काल रात्री मुलाने हातात घेतलं होतं. मॅगझिन काढूनच दिलं होतं मी.'

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. चेंबरमधलं एक आतच राहतं आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून क्रम पाठ करा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधून दुसरं चढलेलं असतं, आणि तुम्ही निर्धास्त असता.

रिव्हॉल्वरला हा घोळ नाही. कानपूरचं नेहमीचं .32 मधोमध मोडून उघडतं. वरची कडी अंगठ्याने दाबली, नळी खाली वाकवली, सहाही घरं एकदम समोर. भरलेलं की रिकामं हे घरातल्या कोणालाही, शस्त्रातलं काही न कळणाऱ्यालाही, एका नजरेत दिसतं. ज्या घरात लहान मुलं आहेत, शस्त्र एकाचं पण कपाट सगळ्यांचं आहे, तिथे मी पिस्तूल घ्या असं कधीच म्हणालो नाही. विक्री गेली तरी चालेल.

हातात फार जोर नाही. काय झेपेल?

दोन्ही हातात घेऊन बघितल्याशिवाय ठरवू नका, कारण इथे अंदाज हमखास चुकतो. वाटतं की पिस्तूल सोपं, चाप हलका. पण .32 ची बरीच लहान पिस्तुलं केवळ स्प्रिंगच्या आणि स्लाइडच्या वजनाच्या जोरावर धक्का सोसतात, त्यामुळे ती स्प्रिंग चांगलीच ताठ असते. बोटांत वात असलेल्या एका मावशींना, हडपसरच्या पुढे त्यांचा मळा होता, स्लाइड अर्धीच ओढता यायची. तिसऱ्यांदा प्रयत्न करून त्यांनी पिस्तूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, 'हे म्हणजे विहिरीचा रहाट आहे बाई.' मग रिव्हॉल्वर दिलं. त्याचा चाप पूर्ण ओढायलाही पाच-सहा किलोचा जोर लागतो, तोही त्यांना एका बोटाने जमेना. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढला की चाप हलका होतो, ते जमलं. पण घोडा ओढलेलं रिव्हॉल्वर थरथरत्या हातात असणं हा वेगळाच धोका, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी काहीच घेतलं नाही. मळ्यावर दोन कुत्री पाळली आणि दिवे लावले. मला तो निर्णय पटला होता.

रोज जवळ बाळगायला सोयीचं कोणतं?

पिस्तूल चपटं असतं, कमरेला कपड्याखाली दिसत नाही. रिव्हॉल्वरचा सिलिंडर पोटावर फुगवटा आणतो आणि बसल्यावर बरगडीला टोचतो. इथे पिस्तूल सरळ जिंकतं.

पण पुण्यात माणूस बसतो कुठे? दुचाकीवर. लक्ष्मी रोडवरून नाना पेठेपर्यंत एकदा कमरेला पाऊण किलो लोखंड लावून अॅक्टिव्हा चालवून बघा, खड्डे मोजून येतात. इनसर्ट न करणाऱ्यांचा शर्ट सिग्नलला वाऱ्याने उडतो आणि मागच्या माणसाला सगळं दिसतं. नियम असा आहे की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. दाखवत फिरणं हा गुन्हा आहे, मग हेतू काहीही असो. चांगलं, चापावर पूर्ण झाकण येणारं होल्स्टर घ्या. लाखाचं शस्त्र घेऊन दोनशे रुपयांच्या कापडी पिशवीत ठेवणारे लोक मला कधीच समजले नाहीत. डिकीत ठेवू नका. डिकी हा ताबा नव्हे.

आणि घाम. एप्रिल-मेमध्ये अंगाला लागून असलेल्या पोलादावर दोन आठवड्यांत तांबूस डाग येतात, जून-जुलैत विचारू नका. रिव्हॉल्वर आतून बंदिस्त, वरून पुसलं तरी भागतं. पिस्तूल उघडून, स्लाइड काढून पुसावं लागतं. तेवढा कंटाळा नसेल तरच घ्या.

चेंबरमध्ये काडतूस भरून ठेवावं का?

परदेशातले शिक्षक हो म्हणतात, कारण त्यांचे विद्यार्थी आठवड्याला शेकडो गोळ्या झाडतात. आपल्याकडे परवान्यावरच काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे तो हिशोब लागू होत नाही. पिस्तुलाचा चेंबर रिकामा ठेवा, असं माझं मत. याची किंमत मोजावी लागते हे खरं: ऐनवेळी स्लाइड ओढायला दोन्ही हात लागतात, आणि एका हातात रोकडीची पिशवी किंवा लेकराचा हात असला तर झालं. रिव्हॉल्वरला ही अडचण नाही, ते एका हातात तयार असतं. याच कारणाने मी बहुतेकांना रिव्हॉल्वरकडे वळवत आलो.

आजोबांचं वेब्ली कपाटात आहे. तेच नावावर करून वापरू का?

आधी कागद. मूळ परवानाधारक वारला की ते शस्त्र घरात तसंच ठेवता येत नाही, पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं आणि वारसाने स्वतःचा परवाना काढायचा. 'आजोबांचं आहे, कोण विचारतंय' म्हणत दहा वर्षं माळ्यावर ठेवलेलं शस्त्र म्हणजे बेकायदा शस्त्र. शिवाय .455 किंवा .38 निघालं तर ते प्रतिबंधित बोअर, वाट आणखी लांब.

मग यंत्र. जुन्या काही रिव्हॉल्वरमध्ये घोडा खाली असताना त्याची टोच थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असते. हातातून फरशीवर पडलं तर सुटू शकतं. अशांत घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी पद्धत आहे, म्हणजे सहाचं पाचच समजायचं. वापरण्याआधी कारागिराला दाखवा.

नेमकं कोणतं घेऊ?

रिव्हॉल्वरमध्ये कानपूरच्या कारखान्याचं नेहमीचं .32 हे पोलादी, जड, दणकट आणि दिसायला कोणी प्रेमात पडेल असं नाही. 2014 मध्ये 'निर्भीक' आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण अर्धा किलो, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. पर्समध्ये हलकं, पण हलक्या शस्त्राचा झटका हाताला जास्त बसतो, हे जाहिरातीत नसतं. 2023 मध्ये 'प्रबल' आलं, साधारण 700 ग्रॅम, सिलिंडर बाजूला उघडणारा, 50 मीटर पल्ला. पल्ल्याकडे बघून घेऊ नका. 50 मीटरवरच्या माणसापासून स्वसंरक्षण केलं असं कोर्टात सांगायची वेळ आली तर वकील तुमच्याकडे फार दुःखी नजरेने बघेल. बाजूला उघडणारा सिलिंडर मात्र खरोखर चांगला, सांगाडा अखंड राहत असल्याने सांधा ढिला होत नाही. वेब्लीचं .32 ही आता उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडिल्यात बनतं. जुन्या गिऱ्हाइकांना नावाचं आकर्षण आहे.

पिस्तुलात पश्चिम बंगालमधल्या सरकारी कारखान्यांचं 'अशनी'. घेताना मॅगझिन दोन घ्या आणि दोन्ही त्याच पिस्तुलात भरून, स्लाइड फिरवून तपासा. एक मॅगझिन सुरळीत आणि दुसरं रडवणारं, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

पाषाणला, एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत, पुण्यातच, सैन्यासाठी काय काय तयार होतं ते वाचून लोक विचारतात, 'ते मिळेल का?' नाही.

सराव कुठे करू?

म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात रेंज आहे, पण ती मुख्यतः खेळाची. तुमचं .32 तिथे चालेल का, कोणत्या वारी, कोणाच्या देखरेखीखाली, हे आधी विचारून घ्या. शेतावर, टेकडीवर, फार्महाउसच्या मागे नारळ ठेवून 'ट्रायल' घेणं सराव नव्हे, गुन्हा आहे. लग्नाच्या वरातीत हवेत झाडणाऱ्यांना 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

घरी सराव होतो, पण रिकाम्या शस्त्राने, वर सांगितलेला क्रम पाळून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. चाप सावकाश ओढायचा आणि निशाण हलू द्यायचं नाही. .22 आणि जुन्या शस्त्रांत मात्र रिकामा घोडा सारखा आपटू नका, टोच खराब होते. त्यासाठी खोटी काडतुसं मिळतात.

गणपती, निवडणूक, विमान?

सणासुदीत पुणे पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात, त्यात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते. तो आदेश वाचा, आणि विसर्जन मिरवणुकीत शस्त्र घेऊन जाण्याचा विचारही करू नका. त्या गर्दीत ते तुमच्या ताब्यात आहे असं तुम्ही शपथेवर सांगू शकाल का? आचारसंहिता लागली की जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आली तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा.

लोहगाव विमानतळावर जाण्याआधी बॅग पूर्ण उलटी करून झटका. बाजूच्या कप्प्यात राहून गेलेलं एक काडतूस एक्स-रेत दिसतं आणि मग विमान तुमच्याशिवाय जातं. परवाना असला तरी दिवस चौकीत जातो. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर दुसऱ्या राज्यात शस्त्र नेताच येत नाही.

झाडलीच गोळी, तर पुढे काय?

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, 1 जुलै 2024 पासून लागू. त्यातलं 37 आधी वाचा, 38 नंतर. 38 सांगतं की जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो. 37 सांगतं की बचावाला जरुरीपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत मारलेल्या गोळीला स्वसंरक्षण म्हणणं फार अवघड.

शस्त्र जप्त होतं, न्यायवैद्यक तपासणीला जातं. रिव्हॉल्वरच्या पुंगळ्या त्यातच राहतात, पिस्तुलाच्या आसपास उडालेल्या असतात. त्या गोळा करू नका, हात लावू नका. पोलिसांना तुम्हीच आधी फोन करा, मग वकिलाला.

माझ्याकडे पिस्तूल आहे, झेपत नाही. देऊन रिव्हॉल्वर घेता येईल?

येतं, पण दुकानात नुसती अदलाबदल होत नाही. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करून विक्रीची आणि नव्या शस्त्राची परवानगी घ्यावी लागते, मग दुकानाच्या रजिस्टरमध्ये एक जमा होतं आणि दुसरं चढतं, मग परवान्यावर नोंद. जुन्या पिस्तुलाला किती येतील हे फोनवर कोणी सांगू शकत नाही, नळी बघावी लागते. उरलेली काडतुसंही सोबत आणा, रिव्हॉल्वरमध्ये ती चालणार नाहीत आणि घरी ठेवायला मग परवान्यावर जागा नसते. मूळ परवाना आणा, झेरॉक्स नको. आणि मॅगझिन वेगळं, स्लाइड मागे, चेंबर बघून.